राजवाड्याचा जमाखर्च

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की कोल्हापुरातील घराघरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव येथून मामा-मामी आणि आत्या येतात, पुण्या-मुंबईहून भाचरे येतात, कुणाचे व्याही येतात, तर कुणाच्या मुलाचे महाविद्यालयातील मित्र. दोन दिवसांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी जिनमंदिरातील दर्शन, लक्ष्मीसेन मठातील आदिनाथ भगवंतांची भव्य मूर्ती आणि कुंभोजजवळचे बाहुबली क्षेत्र; दुसऱ्या दिवशी पन्हाळा, रंकाळा आणि नवा राजवाडा. ‘न्यू पॅलेस’ या नावानेच तो अधिक ओळखला जातो.

व्यापाऱ्याच्या घरातील मंडळी त्या काळ्या घडीव पाषाणाच्या वास्तूसमोर उभी राहिली, की कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘त्या काळी याला किती खर्च आला असेल?’ या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. ज्या घरात मुलगा हाताशी आला की प्रथम रोजमेळ लिहायला शिकतो, त्या घरातील माणसाने वास्तूकडेही हिशेबाच्या नजरेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. उणीव एवढीच, की हा हिशेब नावे बाजूवरच थांबतो. खर्चाचा आकडा ऐकून सारे ‘अबब’ म्हणतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. जमेची बाजू मांडली जात नाही. आणि एका बाजूच्या वहीला कोणताही मुनीम वही म्हणत नाही.

प्रथम नावे बाजू पाहावी. राजवाड्याचे बांधकाम १८७७ साली सुरू झाले आणि १८८४ साली पूर्ण झाले. खर्च सुमारे सात लाख रुपये. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी स्थापत्यविशारदाचा. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याची मूळ कल्पनाही त्याचीच. मँटने युरोपातील बांधणीला भारतीय शैलींची जोड दिली. कोल्हापूरच्या राजवाड्यात मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा आहे, बाजूंना लहान मनोरे आहेत, आणि कमानी, खांब व सज्जे यांत गुजरात-राजस्थानातील हिंदू व जैन वास्तुशिल्पाची छाया आहे. पुढे या सर्वांत इकडच्या वाड्यांची धाटणीही मिसळली आहे. दिलवाड्याची किंवा राणकपूरची यात्रा करून आलेल्या जैन कुटुंबाला दरबार हॉलमधील नक्षीदार खांबांपुढे क्षणभर ओळखीचे काही दिसल्यासारखे वाटते, ते उगाच नव्हे. त्याच दरबार हॉलमधील रंगीत काचांवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरित्रातील प्रसंग चितारलेले आहेत. सकाळचे ऊन त्या काचांतून आत आले, की लहान मुलेदेखील बोलायची थांबतात.

परंतु नावे बाजूला सात लाखांखेरीजही काही नोंदी आहेत. ज्या वर्षी या वास्तूचे काम सुरू झाले, ते वर्ष दख्खनमधील मोठ्या दुष्काळाचे होते. संस्थानाचा पैसा शेवटी रयतेच्या सारावसुलीतूनच येत असे. हे सांगितले म्हणजे वास्तूचा अवमान होत नाही. हिशेब खरा होतो, इतकेच.

दुसरी नोंद माणसांची आहे. हा राजवाडा उभा राहत होता तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. १८७१ साली, वयाच्या आठव्या वर्षी, ते दत्तक आले होते. पुढे त्यांच्या मनोवस्थेचे कारण सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले. त्यांच्या छळाच्या वार्तांवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत टीका झाली, दिवाण बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ साली लोकमान्य टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ही हकीकत शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण ज्या राजाकरिता ते दोघे तुरुंगात गेले, त्याच राजाच्या राज्यात हा राजवाडा बांधला जात होता, हे सहसा कोणी जोडून सांगत नाही. चौथ्या शिवाजी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. तेथेच एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षे. राजवाडा पूर्ण झाला तो त्यानंतर. आराखडा करणारा मँटदेखील १८८१ सालीच मरण पावला होता. ज्याने वास्तू कल्पिली तो आणि ज्याच्या राज्यात ती उभी राहिली तो, दोघांपैकी एकालाही ती पूर्ण झालेली पाहता आली नाही.

बारा भावनांमध्ये अनित्य भावना पहिली आहे. प्रवचनात ती ऐकताना तरुणांचे लक्ष घड्याळाकडे असते, हे कोणत्याही आजोबांना सांगावे लागत नाही. तीच भावना या मनोऱ्याच्या घड्याळाखाली उभे राहून सांगितली, तर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. घर बांधणारा, घर बांधून घेणारा आणि घरात राहणारा हे तीन वेगळे असू शकतात. नवा बंगला बांधताना ‘नातवंडांपर्यंत टिकला पाहिजे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट एकदा तरी ऐकावी.

आता जमेची बाजू. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव नावाचा, दहा वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणी आनंदीबाई यांना दत्तक आला. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखले गेले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. नवा राजवाडा त्यांच्या वाट्याला आयता आला होता; परंतु त्यांचा ओढा शहराबाहेरच्या सोनतळीकडे अधिक असे. तेथील साधी राहणी, शेतकरी, पैलवान, धनगर यांचा राबता आणि कुणालाही सहज मिळणारी भेट, अशा आठवणी कोल्हापुरातील जुन्या पिढ्यांनी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या. एवढे मोठे घर असूनही त्यात अडकून न पडणे, हे परिग्रह-परिमाण व्रताचे नाव न घेता केलेले आचरणच म्हटले पाहिजे.

व्यापारी कुटुंबांना महाराजांचा एक परिचय बाजारपेठेमुळे असतो. १८९५ साली त्यांनी वसवलेली शाहूपुरी ही गुळाच्या व्यापाराची पेठ झाली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर पोहोचले. दुसरा परिचय अधिक मोलाचा आहे. शिकण्यासाठी खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलाला राहायला जागा नसते आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नसते, हे महाराजांनी ओळखले. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या आणि इतर अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. त्या आदेशाला अर्थ येण्यासाठी शिकलेली मुले हवी होती, आणि मुले शिकण्यासाठी वसतिगृहे हवी होती. दोन्ही कामे एकाच विचाराची होती.

जैन समाजाने या संधीचे सोने केले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांचा जैन बोर्डिंगशी निकटचा संबंध होता. तेच पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचे पहिले विस्तृत चरित्रही त्यांनीच लिहिले; ते १९२४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. राजाने एका समाजाच्या मुलांना छप्पर मिळवून देण्यास हात दिला आणि त्याच समाजातील माणसाने राजाचे कार्य जगापुढे मांडले. अशी परतफेड कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

याच बोर्डिंगशी दुसरी एक कथा जोडलेली आहे, आणि ती थोडी अवघड आहे. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरात आला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला स्नान करून आत येण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला. बोर्डिंगच्या शिस्तीशी त्याचे पटेना आणि त्याला तेथून बाहेर पडावे लागले. त्या मुलाला शाहू महाराजांनी राजवाड्याचा आश्रय दिला.

जैन कुटुंबात ही हकीकत सांगताना कधी आवाज खाली येतो. तसे होण्याचे कारण नाही. बोर्डिंग चालवणारी माणसे वाईट नव्हती. ती आपल्या काळाच्या चौकटीत वागत होती आणि त्या चौकटीतही त्यांनी शेकडो मुले शिकवली. पण त्या दिवशी एक दार बंद झाले आणि दुसरे उघडले, हेही तितकेच खरे आहे. पुढचा प्रसंग त्याहून विचार करायला लावणारा आहे. १९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यांच्या शिस्तीमुळे बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यासाठी कोठडी सोसली, मार सोसला. हा छळ संस्थानच्याच पोलिसांनी केला, ही नोंद राजवाड्याच्या नावे बाजूला मांडावी लागते. आणि सत्याणुव्रत म्हणजे काय, हे एका जैन तरुणाने देहावर सोसून दाखवले, ही नोंद साऱ्या समाजाच्या जमेला.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. त्याला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. राजवाड्याने एका मुलाला निवारा दिला आणि त्या मुलाने अगणित मुलांना. सात लाखांच्या खर्चासमोर जमेला काय मांडायचे, हे आता शोधावे लागत नाही.

राजवाडा पाहताना जैन कुटुंबाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. तळमजल्यावर १९७४ सालापासून शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे. पोशाख, शस्त्रे, हत्तीचे चांदीचे साज, जुनी छायाचित्रे पाहत पाहत मंडळी शिकारीच्या दालनापाशी येतात. पेंढा भरलेले वाघ, बिबटे, शिंगांची मस्तके, प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या शोभेच्या वस्तू. ज्या घरात पाणी गाळून पितात आणि मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतात, त्या घरातील मूल तेथे थबकते. बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी घडतात. आजी ‘बघू नको, चल पुढे’ म्हणून मुलाचा हात ओढते. किंवा काका ‘राजेलोक होते ते, त्यांचं चालायचंच’ असे म्हणून वेळ मारून नेतात. दोन्ही उत्तरांनी मुलाचा प्रश्न तसाच राहतो.

त्याच्या मनातला प्रश्न सरळ आहे. ज्या महाराजांनी गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्यांनाच शिकारीचा छंद कसा होता? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, पण प्रामाणिक उत्तर आहे. त्या काळी राजकुळात शिकार हा पराक्रमाचा आणि इतमामाचा भाग मानला जाई. शाहू महाराजही त्याला अपवाद नव्हते. ती हिंसाच होती, आणि आज तिला हिंसाच म्हटले पाहिजे. वसतिगृहांचे काम मोठे होते, आणि त्याला मोठेच म्हटले पाहिजे. एकाने दुसरे पुसले जात नाही. अनेकान्ताचा अर्थ ‘सर्वच बरोबर’ असा नाही. वस्तूची प्रत्येक बाजू आहे तशी पाहण्याचे धैर्य, हा त्याचा अर्थ आहे. शास्त्रात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. या राजघराण्याच्या हातून पहिली तीन भरभरून झाली. चौथे माणसांच्या वाट्याला आले, पण रानातल्या मुक्या जीवांपर्यंत पोहोचले नाही. दहा वर्षांच्या मुलालाही ही भाषा समजते.

आणि मुलाला हे सांगून झाल्यावर मोठ्यांनी एक गोष्ट स्वतःशीही तपासावी. राजाच्या दालनातला वाघ काचेआड आहे, म्हणून सहज दिसतो. घरच्या कपाटातले रेशीम किती कोशांतील जीवांवर विणले गेले, मोत्याचा सर कोणत्या शिंपल्यांतून आला, पाहुण्यांसमोर मिरवलेली चामड्याची पर्स कुठली, हे इतक्या सहज दिसत नाही. दोष दाखवणारे बोट राजवाड्याकडे वळवण्याआधी स्वतःच्या कपाटाचे दार उघडले, तर त्या दालनातला थांबा सार्थकी लागतो.

पाहुण्यांना राजवाडा दाखवण्याची एक रीत म्हणून काही सुचवता येईल. आदल्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांनी चौथ्या शिवाजी महाराजांची, शाहू महाराजांची आणि भाऊरावांची गोष्ट मुलांना थोडक्यात सांगावी. सकाळी ऊन चढण्याआधी राजवाड्यात पोहोचावे, म्हणजे दरबार हॉलच्या काचा नीट दिसतात आणि गर्दीही कमी असते. वृद्धांना बसवून ठेवून तरुणांनी पुढे पळू नये. जुनी छायाचित्रे आणि पोशाख यांच्याविषयी बोलण्यासारखे त्यांच्यापाशीच अधिक असते. मुलांनी दालनागणिक एकच वस्तू निवडावी आणि ती का आवडली हे जेवताना सांगावे.

राजवाड्यातून निघाल्यावर थेट घरी किंवा मॉलमध्ये न जाता गाडी शहरात वळवावी. आज सी.पी.आर. या नावाने चालणारे सरकारी रुग्णालय मूळचे मँटच्याच आराखड्यावर उभे राहिले. शेजारचा टाउन हॉलही त्याचाच, १८७० च्या दशकातला. तेथील संग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४५-४६ साली मिळालेल्या वस्तू आहेत. त्यांत रोमन जगातून आलेली समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातील व्यापाऱ्यांचे हात समुद्रापार पोहोचले होते, हे पाहून आजच्या व्यापाऱ्याच्या मुलाची छाती थोडी फुगली तर बिघडत नाही. तेथून दसरा चौक जवळच. शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या परिसरात आजही वसतिगृहांच्या वास्तू आहेत आणि त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही आहे. सकाळी राजवाडा पाहिलेल्या मुलांना ही साधी इमारत दाखवून ‘आता सांगा, दोघांत मोठी कोणती?’ असे विचारावे. उत्तर काय येते यापेक्षा मुले विचार करताना थांबतात, हे महत्त्वाचे. एवढे करूनही सूर्यास्ताआधी घरी पोहोचून जेवण उरकता येते.

आज दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांकडे पूर्वी नव्हती एवढी घरे आहेत. उपनगरांत मोठे बंगले झाले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मुले परगावी गेल्यामुळे कुलूपबंद असतात. एके काळी याच समाजात खेड्यातला भाचा, चुलतभावाचा मुलगा, कधी ओळखीच्या शेतकऱ्याचा मुलगा शिक्षणासाठी घरी राहत असे. पेढीमागच्या खोलीत त्याची वळकटी असे, आणि त्याच्या ताटाचा हिशेब रोजमेळात कधी चढत नसे. घरे लहान होती तेव्हा ही जागा निघत होती. घरे मोठी झाल्यावर ती का निघेनाशी झाली, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. प्रत्येकाला घरात मूल ठेवणे शक्य नसेल. काळ बदलला आहे. पण वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे जेवण, पुस्तके किंवा शुल्क उचलणे कुणालाही अशक्य नाही. जून महिन्यात जैन बोर्डिंगच्या दारात गावाकडून आलेले वडील मुलाची ट्रंक घेऊन उभे असतात. ते काय शोधत आले आहेत, हे त्यांना विचारायला जाणारा एक माणूस प्रत्येक पेढीवरून निघाला पाहिजे.